भिंतीवरची चौथी ओळ

"सोमेश, कॉक उघडू नको अजून. थांब जरा!"

गौरी पदर खोचून हौदाच्या कठड्याजवळ उभी होती आणि तिच्याभोवती आख्खी आठवी गोळा झाली होती. टँकरवाला सोमेश केबिनच्या दारातून अर्धा बाहेर आला.

"बाई, मला अजून दोन गावं करायचीत. शिकवायचं तर वर्गात शिकवा की. पाण्याला कशाला अडवायलाव?"

"पाचच मिनिटं. पाणी कुठवर येतंय ते आधी सांगायचंय पोरांना. ओतल्यावर काय, डोळ्यांनीही दिसतं."

मी शेजारच्या वर्गात सातवीला मराठी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे कविता फळ्यावर होती आणि सातवी खिडकीला लटकलेली होती. शेवटी मीही खडू ठेवला आणि बाहेर आले. या शाळेत माझी हयात गेली, पण गणिताच्या तासाला पोरं पळत बाहेर येताना मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी त्या तासाला निम्म्यांच्या पोटात दुखतं.

गौरी सरवदे लोहाऱ्याची. वडील धम्मपाल सरवदे एसटीत कंडक्टर होते, पोरीला त्यांनी एम.एस्सी., बी.एड. केलं. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आज चालतं, उद्या नाही. रोज सकाळी लोहाऱ्याहून जीपमध्ये कोंबून घेऊन ही आमच्या गावाला यायची. शाळा खाजगी संस्थेची. गौरी कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर होती, म्हणजे काम सगळ्यांएवढं आणि दर जूनमध्ये नव्या ऑर्डरसाठी हात जोडून उभं राहायचं. त्या वर्षी मात्र गणिताचे पंचाक्षरी सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कायम करायच्या माणसाचा प्रस्ताव संस्थेकडून जाणार होता, आणि अख्खी शाळा धरून चालली होती की ती जागा गौरीची. तीही धरून चालली होती.

हौदाच्या भानगडीचं मूळ आदल्या दिवशीच्या तासात होतं. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे तिचा तास मला फुकटात ऐकू येतो. तिनं फळ्यावर लिहिलं होतं, घ = ल × र × उ. घनफळ बरोबर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. आणि त्यातून उंची वेगळी काढायला सांगितलं होतं. तर मागच्या बाकावरचा उत्कर्ष उठून म्हणाला, "बाई, हाय तसंच ऱ्हाऊ द्या की. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, ह्यानं हुतंय काय? आकडे तर एकबी न्हाय. नुसती अक्षरंच हलवायची."

पोरं हसली. मी कान टवकारले, कारण हा प्रश्न माझाही होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी तो विचारला होता. आमचे मास्तर सांगायचे, बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकचं उणं होतं, गुणिलेचं भागिले होतं. का होतं गुरुजी? होतं म्हणून होतं. पुन्हा विचारलं तर पाठीत धपाटा. त्या धपाट्यानं मी गणितातून उठले ती कायमची. आणि माझ्यासारख्या किती पोरी उठल्या असतील, शेतात नि चुलीपुढं जाऊन बसल्या असतील, हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. उत्तर एवढंसं असतं. पण ते द्यायला ते आधी मास्तराला माहीत असावं लागतं.

गौरीनं धपाटा घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या टँकर यायचाय ना? उद्या सांगते."

आणि आता ती विचारत होती, "टँकरमध्ये पाणी किती, ते सोमेशला माहीत आहे. हौदाची लांबी-रुंदी तुम्ही आत्ता मोजली. ती काय रोज बदलत नाही. मग आपल्याला काय माहीत नाही?"

"पाणी कुठवर चढंल ते," निकिता म्हणाली. लहानखुरी, दोन वेण्यांची पोर, वडील सालगडी. प्रश्न विचारताना तिची मान वर असते.

"म्हणजे यातलं कोणतं अक्षर?"

"उ."

"मग त्याला एकटं काढायचं. घ एका बाजूला, ल, र, उ दुसऱ्या बाजूला. उ च्या संगतीला ल आणि र आहेत. त्यांना कसं सोडवायचं?"

"दोनी बाजूला ल गुणिले र नं भागायचं," निकिता म्हणाली. "एकाच बाजूला भागलं तर बरोबर ऱ्हाणार न्हाय."

तेवढ्यात उत्कर्षनं हात वर केला. "बाई, एवढा कुटाणा कशाला? भिंतीवर चौथी ओळ हायच की. रोज म्हणतोय आमी."

इथं भिंतीचं सांगायला पाहिजे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर आमचे संस्थेचे अध्यक्ष मल्हारराव यांनी वडिलांच्या नावानं 'कै. ज्ञानोबाराव स्मृती ज्ञानभिंत' रंगवून घेतली होती. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, ऑइल पेंट. वर ज्ञानोबारावांचा फेट्यातला फोटो, खाली सूत्रं. रोज प्रार्थना झाली की सगळी शाळा भिंतीकडे तोंड करून ती सूत्रं मोठ्यानं म्हणायची, पाढे म्हणतात तशी, चालीवर. घनफळाच्या चार ओळी होत्या. पहिली घनफळाची, दुसरी लांबीची, तिसरी रुंदीची आणि चौथी उंचीची.

"मग काढ की चौथ्या ओळीनं," गौरी म्हणाली.

उत्कर्षनं भिंतीकडे बघत बघत गणित केलं आणि हौदात वाकून आपल्याच मांडीवर हात ठेवला. "हितवर येतंय बाई."

निकितानं तिच्या पद्धतीनं केलं होतं. "माझं खांद्यापत्तर आलंय."

"दोन टँकर ओतले तर?" गौरीनं विचारलं.

उत्कर्षनं पुन्हा केलं. मग भिंतीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "बाई, आता गुडघ्याच्याबी खालीच आलं."

मग निकिता म्हणाली, "भिंतीच्या हिशोबानं जितकं जास्ती ओताल तितकं पाणी खाली जायलंय."

हसून हसून पोरं कठड्यावर आडवी झाली. सोमेशही हसला. "बाई, आसं आसतं तर म्या रिकामा टँकर आनून हौद भरला आसता!"

गौरी भिंतीकडे बघत होती. तीही हसत होती, पण हळूहळू तिचं हसू गेलं. भिंतीवर लिहिलं होतं, उ = (ल × र) ÷ घ. रंगाऱ्यानं वरचं खाली आणि खालचं वर केलं होतं, आणि गेलं वर्षभर पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं ते रोज सकाळी देवाच्या आरतीसारखं म्हणत होती. आम्ही सगळे शिक्षक हात बांधून मागे उभे असायचो.

निकितानं विटेच्या तुकड्यानं हौदाच्या आतून खूण केली. सोमेशनं कॉक उघडला. टँकर रिकामा झाला तेव्हा पाणी त्या खुणेला टेकलं होतं. पोरांनी असा गलका केला की मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले.

"पण बाई," उत्कर्ष अजून सोडायला तयार नव्हता, "आकडे घालूनच केलं आसतं तरीबी आलंच आसतं की. अक्षरं कशाला?"

"आज या हौदाचं आलं असतं. उद्या अंगणवाडीच्या टाकीचं? तुझ्या घरच्या टाकीचं? दर खेपेला पहिल्यापासून करत बसणार?"

उत्कर्षनं डोकं खाजवलं. "म्हंजे उ ला एकदा एकटं काढून ठिवायचं. मग कुणाचाबी हौद आना."

"हां. म्हणून अक्षरं. आणि म्हणून हलवायची."

मी तिथं उभी होते, साठीला टेकलेली बाई, आणि मला त्या दिवशी बीजगणित कळलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि आनंदाच्या पाठोपाठ संताप आला. एवढंच होतं? एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी मला धपाटा खावा लागला?

त्याच दुपारी गौरी मुख्याध्यापकांकडे गेली. मला सोबत नेलं. माणिकप्पा सर माणूस वाईट नाही, पण त्यांच्या अंगात जेवढी हाडं तेवढी सगळी अध्यक्षांच्या ताब्यात.

"सर, चौथी ओळ चुकली आहे. रंग मी आणते, ब्रशही आणते. रविवारी येऊन करून टाकते. कुणाला कळायचंही नाही."

"सरवदे बाई, त्या भिंतीवर ज्ञानोबारावांचं नाव हाय. त्येंच्या नावाखाली चूक हाय म्हणून साहेबांना कोन सांगनार? फोटो पेपरात आलता, स्पर्धेला गेलाय."

"नाव राहू द्या ना. वरचं खाली करायचंय फक्त."

माणिकप्पा सरांनी दार लोटून घेतलं. "हे बघा. पुन्यतिथी तोंडावर आलीया. साहेब येनार, आठवीची पोरं भिंत म्हनून दाखवनार. तेवढं गोड हू द्या. जूनात तुमचा प्रस्ताव जाऊ द्या. मग पावसानं खराब झाली म्हनून आपन सगळीच रंगवू. माझं ऐका, तुमच्या भल्याचं सांगायलोय."

"तोवर पोरं रोज चुकीचं म्हणणार?"

"म्हनू द्या की. कळतंय कुनाला?"

कळतंय कुणाला! हे वाक्य मी विसरणार नाही. शाळेच्या मुख्याध्यापकाच्या तोंडून, शाळेच्या ऑफिसात, वर थोरामोठ्यांच्या तसबिरी लावलेल्या असताना. मी म्हटलं, "सर, कळू नये म्हणूनच पोरं पाठवतात का हो आपल्याकडं?" त्यांनी माझ्याकडे न बघता घंटा वाजवली, शिपायाला.

संध्याकाळी मी तिला थांब्यावर सोडायला गेले. खरं सांगायचं तर मीही तिला सबुरीचं सांगितलं. जून काय लांब होतं? घरात तिची लहान मुलगी, नवऱ्याचं दुकान असं. जागा डोळ्यांसमोर होती.

"मला काय नोकरी नको आहे का, कमलताई?" ती म्हणाली. "मी गप्प बसलेही असते. पण निकितानं मला विचारलंय, 'बाई, भिंत चूक हाय हे मोठ्या सरांना माहीत हाय का?' काय सांगू तिला? नाही म्हणाले तर खोटं, हो म्हणाले तर मग पुसत का नाहीत ते सांगावं लागतं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हणलं, पहिली ओळ पाठ कर. बाकीच्या लागतील तेव्हा काढ. भिंतीकडं बघायचं कामच नाही."

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतर आठवीची रांग पहिली ओळ म्हणायची आणि गप्प व्हायची. बाकीची शाळा पुढं ओरडत राहायची. माणिकप्पा सर तेवढा वेळ झेंड्याच्या खांबाकडे बघत उभे राहायचे. पुण्यतिथीच्या पठणाची तयारी मात्र त्यांनी गौरीकडून काढून कुलदीप सरांकडे दिली. कुलदीप सर म्हणजे मल्हाररावांच्या बहिणीचे चिरंजीव. आदल्याच वर्षी चिकटले होते, बी.एड. झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा. पंचाक्षरी सरांच्या खुर्चीवर बसून बघायची त्यांना सवय लागली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुण्यतिथीला मंडप घातला. गावातली माणसं, पालक, सरपंच. निकिताचे वडीलही मागे पांढऱ्या टोपीत उभे होते. हार, नारळ, भाषणं झाली. मग आठवी भिंतीपुढं उभी राहिली आणि कुलदीप सरांनी हात वर केला.

पोरांनी खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

कुलदीप सरांनी हात हलवला. रोजचंच पाठांतर म्हणून त्यांनी तालीम घेतलीच नव्हती. पोरं गप्पच. सरांचे कान लाल झाले. मी गौरीकडे बघितलं, तर तिचाही चेहरा उतरलेला. तिनं हे करायला सांगितलेलं नव्हतं. पोरांनी आपली रोजची रीत पाळली होती, बस्स.

"का रं, पुढचं इसरले का?" मल्हारराव खुर्चीतून हसत म्हणाले.

उत्कर्ष पुढं झाला. "पुढचं पाठ न्हाय साहेब. लागलं तर काढून दावतो."

"काढून? कुठनं काढतूस?"

"पहिल्या वळीतनं. निकिता लई भारी काढती."

मल्हाररावांना गंमत वाटली. "दाव बरं."

फळा आणला. निकितानं पहिली ओळ लिहिली आणि एक एक करून दुसरी, तिसरी, चौथी काढली. दर वेळी दोन्ही बाजूंना कशानं भागलं ते बोलत बोलत. आवाज सुरुवातीला कापत होता, मग कापायचा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. मल्हाररावांनीही टाळ्या वाजवल्या. सगळं गोड झालं होतं. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा भिंतीकडे बोट करून मोठ्यानं म्हणाला, "आरं पर भिंतीवर तर उलटं हाय की."

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. मग फळ्याकडे. मग मल्हाररावांकडे.

मल्हारराव उठले. "सरवदे बाई, तुमी गनिताच्या. सांगा लोकांना. भिंत बरोबर का पोरगी बरोबर?"

गौरी उभी राहिली. तिची जागा, तिचा जून, लोहाऱ्याची पहाटेची जीप, सगळं त्या एका प्रश्नात होतं आणि मंडपातल्या प्रत्येक शिक्षकाला ते माहीत होतं. माणिकप्पा सर डोळ्यांनी तिला विनवत होते. काहीतरी गोल बोलता आलं असतं. दोन्ही पद्धती आहेत साहेब, नंतर समजावते, असं काहीही. निकिता खडू हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"पोरगी बरोबर, साहेब," गौरी म्हणाली. "भिंत चूक आहे. रंगाऱ्याच्या हातून झालंय. एक ओळ पुसून लिहिली की झालं."

"बरं," मल्हारराव म्हणाले आणि बसले. पुढचा कार्यक्रम नीट पार पडला.

ऑफिसात चहाला आम्ही सगळे होतो. गौरी दारातच होती, पोरांना खाऊ वाटून येत होती. मल्हारराव बशीत चहा ओतत, ती ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ह्या लोकांना अक्षर वळखू यायला लागून किती दिवस झाले? आता आमच्या बापाच्या भिंती तपासायलेत."

पंचाक्षरी सर बिस्कीट बुडवत होते, ते गळून चहात पडलं. मला जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि मी मराठीची शिक्षिका आहे. या मल्हाररावाला मी सातवीत शिकवलं होतं. जोडाक्षर लिहिता येत नव्हतं त्याला.

मी म्हटलं, "मल्हार, भिंत तुझ्या बापाची आहे. गणित तुझ्या बापाचं नाही."

"बाई, तुमी मोठ्या हाव म्हणून ऐकून घेतो," तो म्हणाला. "तुमी मराठी बघा."

मी बशी आपटून बाहेर आले. माझं काय बिघडणार होतं? मी कायम होते, निवृत्तीला टेकले होते. बिघडायचं ते तिचंच होतं. ती दारात नव्हती. हौदाकडे जाऊन खाऊचे हात धूत होती, धुतलेलेच हात पुन्हा पुन्हा धूत होती.

जूनमध्ये प्रस्ताव कुलदीप सरांचा गेला. गौरीला नवी ऑर्डर निघाली नाही. तसं पत्रसुद्धा कुणी दिलं नाही. माणिकप्पा सरांनी फोन करून सांगितलं, "औंदा तुमचे तास बसंनात बाई." इतकी वर्षं बसत होते, यंदा बसेनात. मी संस्थेच्या ऑफिसात दोनदा गेले, तालुक्याच्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, तासिकावाल्यांचा हक्क नसतो मॅडम. हक्क नसतो! शिकवायला चालते, उभी राहायला चालते, पोरं घडवायला चालते, आणि हक्काचं नाव काढलं की ती कुणीच नसते.

भिंत तशीच राहिली. पावसानंही खराब झाली नाही. ऑइल पेंट चांगला होता, तेवढं मात्र मल्हाररावांनी चोख केलं.

ऑगस्टात पहिली चाचणी झाली. निकिता आता नववीत होती. पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून आपला गणिताचा पेपर बघत होती. पैकीच्या पैकी. मी कौतुकानं हातात घेतला. प्रश्न होता, हौदातील पाण्याची उंची काढण्याचे सूत्र लिहा. खाली तिच्या गोल अक्षरात भिंतीवरचं सूत्र होतं, जसंच्या तसं, उलटं. शेजारी कुलदीप सरांची लाल बरोबरची खूण.

"निकिता, हे चूक आहे ना गं?"

"व्हय बाई."

"तुला बरोबर येतं."

"येतंय की."

"मग असं का लिहिलंस?"

ती वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी म्या खरं लिवलं, आन गौरीबाई गेल्या."

घंटा झाली, ती वर्गात गेली. पत्र्याच्या पलीकडे कुलदीप सरांनी भिंत म्हणायला लावली. नववीची पोरं चारही ओळी म्हणत होती. मी माझ्या वर्गापुढं उभी राहून ऐकत होते. एका लेकरानं एवढं मोठं ओझं कधीपासून पाठीवर घेतलं होतं, आणि आम्ही इतके शिकलेले लोक त्या शाळेत येत-जात होतो. कुणालाही दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी जीपमध्ये बसले आणि लोहाऱ्याला गेले. गौरी घरी शिकवण्या घेत होती, ओसरीवर पाच-सहा पोरं. मुलगी मांडीवर झोपली होती. तिनं मला चहा दिला. नोकरीबद्दल ती बोलली नाही, मीही काढलं नाही. मी निकिताचं सांगितलं.

तिनं शिकवणीची पोरं लवकर सोडली. मुलीला आत नेऊन निजवलं. परत येऊन बसली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"तुमची शनिवारची शाळा सकाळचीच ना अजून?" तिनं विचारलं.

शनिवारी शाळा सुटायच्या आधीच ती फाटकाबाहेर येऊन उभी होती. ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "आत ये की, सावलीत बस."

"नको. आत यायला आता मला काही काम नाही."

माणिकप्पा सर व्हरांड्यात आले, तिला बघितलं, नमस्कार करावा का नको असा हात छातीपर्यंत नेला आणि परत आत गेले. शाळा सुटली. पोरं तिला बघून ओरडली, भोवती गोळा झाली. निकिता मागेच थांबली. मग एकेक करून पोरं गेली आणि ती एकटी उरली.

"पेपर आहे का दप्तरात?" गौरीनं विचारलं.

निकितानं माझ्याकडे बघितलं. मग पेपर काढून दिला. गौरीनं तो पर्सवर ठेवून सगळा वाचला, पहिल्या प्रश्नापासून. पर्समधून लाल पेन काढलं. शिकवणीच्या वह्या तपासायचं असेल. तिनं कुलदीप सरांची खूण खोडली, उत्तरावर आडवी रेघ मारली आणि समासात शून्य काढलं. वरचे एकूण गुणही कमी करून लिहिले, खाली सही केली.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "चुकीला मार्क नसतात. कुणी दिले तरी घ्यायचे नाहीत."

निकिताची मान खाली गेली. "पर बाई, म्या तवा..."

"ऐक. तुझ्या उत्तरानं माझी नोकरी गेली न्हाय. तू फळ्यावर लिहून गप बसली होतीस. मला त्यांनी विचारलं, आन मी सांगितलं. माझ्या उत्तरानं गेली. ते माझं हाय, तुझं न्हाय. आन उद्या पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगीन. कळलं?"

मी तिला शाळेत कधी अशी बोलीत बोलताना ऐकलं नव्हतं. निकितानं बाहीनं नाक पुसलं. पेपर हातात घेतला आणि त्या शून्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली बरोबर लिवू का?"

गौरीनं पेन पुढं केलं. निकिता तिथंच फाटकाशी उकिडवी बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागली. कागदावर ऊन येत होतं. गौरीनं पदर सोडला आणि तिच्यावर धरून उभी राहिली.